सतरा संगणक आणि एक गावनकाशा

श्री

दिग्रस,
२१ जुलै २०२५

ती. स्व. श्रीकृष्णकाकांस,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, असं मंजुषाकाकूने कळवलं. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एका पानात चार ओळी बसल्या तर कागदाची नासाडी म्हणून रागावू नका.

खोली बरी मिळाली आहे. समोरच कापसाचं जिनिंग आहे, पण हंगाम सुरू व्हायला अवकाश असल्यामुळे सध्या शांतता आहे. कॉलेजात मला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाचा 'ऑपरेटिंग सिस्टीम' हा विषय दिलाय, अर्थात तासिका तत्त्वावर, म्हणजे सत्रापुरता. संगणक सुरू केला की जी यंत्रणा आधी जागी होते आणि बाकी सगळ्या प्रोग्रॅमना कामं वाटून देते, तिचा हा विषय. वर्गात एकतीस मुलं आहेत. प्रयोगशाळेत चोवीस संगणक, त्यातले सतरा जिवंत. ते इतके जुने आहेत की नवी विंडोज त्यांच्यावर चढत नाही आणि जुनीची देखभाल ऑक्टोबरात थांबणार. प्राचार्य म्हणाले की प्रयोगशाळेला कुलूप लावू, मुलं प्रॅक्टिकल वहीत उतरवून काढतील.

काका, पोहणं वहीत उतरवून कसं शिकतात? मी त्यांना म्हटलं की लिनक्स टाकून बघू. ती यंत्रणा जुन्या यंत्रांवरही चालते, कोणालाही घेता येते आणि तिचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं. सरांनी बराच वेळ पेन फिरवला आणि एका सत्राची मुदत दिली. हिवाळी परीक्षेला अमरावतीहून बाहेरचे परीक्षक येतील. त्यांच्यासमोर यंत्रं चालली तर ठीक, नाहीतर यंत्रं भंगारात. माझ्या तासांचं काय, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

काकूला नमस्कार. तुमच्या शंका येतीलच, वाट बघते. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची
मधुवंती


श्री

यवतमाळ,
२६ जुलै २०२५

चि. मधुवंतीस,
श्रीकृष्णकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर इतके मोठे आहे की शेजारच्यांनीही खिडकीतून वाचले असावे.

तुझ्या लिनक्सने माझी दोन दिवसांची झोप नेली. मी जन्मभर जमीन मोजली, संगणक मला फक्त पत्ते खेळण्यापुरता ठाऊक. पण तू लिहितेस ते मला पटत नाही आणि सोडवतही नाही. हे कोणी केले? एकट्याने की मंडळाने? केले तर दुसऱ्याला का दिले? बिघडले तर कोणाच्या टेबलावर अर्ज द्यायचा?

आणि ते 'आतले उघडे' म्हणजे काय? आमच्या मोजणीच्या कचेरीत गावनकाशाची नक्कल कोणीही अर्ज करून मागू शके. पण नकाशावर रेघ ओढायची परवानगी कोणाला नव्हती. तुझ्या या प्रकारात म्हणे कोणीही रेघ ओढू शकतो. मग मूळ नकाशा खरा कोणता? उद्या एखाद्याने आपली धुऱ्याची, म्हणजे बांधाची, रेघ शेजाऱ्याच्या वावरात सरकवली तर? याचे उत्तर दिल्याशिवाय पुढची बातमी लिहू नकोस.

मंजुषा म्हणते की पोरीला जेवते का ते विचारा. तर, जेवतेस ना?

आमची आठवण असू दे, एवढेच मागणे.

तुझा
श्रीकृष्णकाका


श्री

दिग्रस,
१७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. श्रीकृष्णकाकांस,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

जेवते. आता धुऱ्याचं.

सुरुवात फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने केली, चौतीस वर्षांपूर्वी, हौस म्हणून. मग जगभरचे हजारो लोक त्यात भर घालत गेले. काहींना त्यांच्या कंपन्या पगार देतात, काही रात्रीचं जेवण झाल्यावर बसतात. का देतात, हे मलाही नीट सांगता येत नाही. बहुधा आपण केलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडलेलं बघायला आवडतं म्हणून. रेघेचं असं, की जो तो आपल्या नकलेवर रेघ ओढतो. ती मूळ नकाशावर आणायची तर तो सांभाळणारे लोक आधी ती तपासतात, वाद घालतात, बहुतेक वेळा परत पाठवतात. तुमच्या कचेरीपेक्षा कडक आहेत, काका.

गेल्या शनिवारी सतराही यंत्रांवर लिनक्स चढवली. खेमसिंगभाऊ मदतीला होते. ते वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळतात आणि त्यांना प्रत्येक यंत्राचा स्वभाव माहीत आहे. नऊ नंबरचं थापटल्याशिवाय उठत नाही आणि चौदा नंबरला पावसाळ्यात आधी पंख्याचा वारा द्यावा लागतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?

मुलं आधी लांबच उभी राहिली. भिंतीवर पाटी होती, 'परवानगीशिवाय यंत्रास हात लावू नये', आणि ती त्यांनी फार मनावर घेतली होती. मग निकिता नावाची एक मुलगी पुढे आली. दिग्रसपासून अकरा किलोमीटरवरच्या गावाहून एसटीने येते, वडिलांचं कपाशीचं आणि तुरीचं वावर आहे. तिने विचारलं की मॅडम, हे आतून कसं चालते ते पाह्यलं तर चालते काय? मी म्हटलं, त्यासाठीच तर आहे. त्या दिवशी तिने एका साध्या खेळाचं लिखाण उघडलं आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एक ओळ बदलली. आता खेळणारा हरला की पडद्यावर येतं, 'हारला ना भाऊ, घरी जा.' एकतीस मुलं रांग लावून हरत होती!

त्यानंतरच्या सोमवारी मी पाटी काढायला लावली आणि सगळ्यांना मुख्य पासवर्ड सांगितला. त्याने यंत्रात काहीही करता येतं. सहकारी म्हणतात, घाई केलीत. तुम्हाला काय वाटतं?

पोळ्याच्या सुट्टीत येते. तुमचा जुना संगणकही तयार ठेवा. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची
मधुवंती


श्री

यवतमाळ,
३ सप्टेंबर २०२५

चि. मधुवंतीस, अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून मी संगणकासमोरून उठलो नाही, अशी तुझ्या काकूची तक्रार आहे. ती खरी आहे. तू पोळ्याला लिनक्स चढवून दाखवलेल्या, आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत मी 'आज कोणती तारीख' असे विचारतो आणि तो सांगतो. किती वेळ जागा आहेस, विचारले तर तेही सांगतो. मंजुषा म्हणाली, इतकी चौकशी माझी कधी केली नाही. मी तिलाही विचारले, किती वेळ जागी आहेस. तिने भिंतीवरचे बटण बंद केले.

पासवर्ड दिलास ते मला आवडले. ज्याने कधी साखळी हातात धरली नाही त्याला मोजणी येत नाही. फक्त एक कर. आमच्याकडे महत्त्वाच्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या खोलीत असे. तशी ठेव.

खुशाली कळवत जा. आम्ही दोघे वाटेकडे डोळे लावून असतो.

तुझा
श्रीकृष्णकाका


श्री

दिग्रस,
९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. श्रीकृष्णकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, वाईट झालं आहे.

सगळ्या मुलांची सत्रभराची प्रॅक्टिकलं एका मुख्य संगणकात ठेवलेली होती. गुरुवारी त्यातली जागा संपत आली. निकिता आपल्या फोल्डरमधला कचरा साफ करायला बसली. तिने लिहिलेल्या आज्ञेत एक मोकळी जागा जास्त पडली, फक्त एक, आणि आज्ञेचा अर्थच बदलला. तिचा कचरा जायचा तिथे एकतीसही जणांचे फोल्डर गेले. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने भिंतीतून वायर ओढली. मग दप्तर तिथेच टाकून ती बसस्टँडकडे पळाली, असं खेमसिंगभाऊ म्हणाले. शुक्रवार, शनिवार आली नाही. फोन बंद आहे.

परीक्षा सत्तावीस तारखेला आहे. त्या दिवशी मुलांनी आपापली प्रॅक्टिकलं चालवून दाखवायची आहेत.

दुसरी प्रत नाही. तुम्ही सांगितलं होतं. मी वेगळी डिस्क मागवलीही होती, ती माझ्या टेबलाच्या खणात पाकिटासकट पडून आहे. आज करू, उद्या करू म्हणत दिवाळी आली. वर्गात मीच शिकवलंय की इथे खोडलेलं परत येत नाही, म्हणून दहादा वाचून मग आज्ञा द्या. त्यामुळे त्या यंत्राला गुरुवारपासून हात लावायचीही इच्छा झाली नाही.

प्राचार्यांनी सतरा तारखेपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे, कोणाच्या हातून झालं ते नावासकट. एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सुचवलं की जुनी डिस्क होती, जळाली, असं लिहून द्या. कोणी तपासणार नाही. खरंच कोणी तपासणार नाही, काका. सगळे विश्वास ठेवतील. निकिता वाचेल, मीही वाचेन. पण मग लिनक्सने घात केला असं सगळे म्हणतील आणि कुलूप लागेल. खरं लिहावं तर त्या मुलीचं नाव कायमचं कागदावर जाईल.

मला काही सुचत नाही. लवकर लिहा.

तुमची
मधुवंती


श्री

यवतमाळ,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मधुवंतीस, आशीर्वाद.

तुझे पत्र काल आले. रात्रभर विचार करून आज लिहितो. हे मी कोणाला सांगितलेले नाही, मंजुषेलाही नाही.

सन १९८८. मी तेव्हा ज्या कचेरीत होतो तिथे दुपारच्या सुट्टीत एका गावाचा मूळ नकाशा माझ्या टेबलावर पसरलेला होता, कापडावर चिकटवलेला, माझ्या वयापेक्षा जुना. माझ्या धक्क्याने चहाचा पेला त्यावर सांडला. शाई फुटली, सात-आठ गटांच्या हद्दी वाहून गेल्या. खोलीत कोणी नव्हते. मी नकाशा टिपला, गुंडाळून अभिलेखाच्या खोलीत ठेवला आणि मोजणीला निघून गेलो. त्या खोलीची किल्ली भीमसिंग नावाच्या शिपायाकडे असे. साहेबांनी त्याला विचारले. तो म्हणाला, मले ठाऊक नाही. मी समोर उभा होतो. मी काहीच म्हणालो नाही. त्याच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद झाली आणि त्याची बदली वणीच्याही पलीकडे झाली. लहान मुले घेऊन गेला.

पुढे ऐक. मूळ मोजणीच्या वेळी जागेवर लिहिलेली मापे, ज्याला आम्ही टिपण म्हणतो, ती शाबूत होती. त्यावरून तो नकाशा पुन्हा काढायचे काम मलाच दिले. मी काढला. साहेबांनी माझ्या हाताचे कौतुक केले.

सेवानिवृत्तीनंतर मी त्याला शोधत दारव्ह्याला गेलो होतो. तो चार वर्षांपूर्वीच वारला होता. त्याची बायको लीलाबाई हिने मला चहा दिला. मी म्हणालो, सोबत नोकरीला होतो, सहज आलो. आणि परत आलो.

तू काय करावेस ते मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. तू विचारलेस म्हणून माझे काय झाले ते लिहिले.

पण एक शंका राहून राहून येते. नकाशा गेला तरी टिपण राहिले होते. तुझ्या यंत्रात असे काही मागे राहत नाही का? खोडलेले परत येत नाही, असे तू शिकवलेस. तू करून पाहिले आहेस का?

जपून राहा. उत्तराची वाट पाहतो.

तुझा
श्रीकृष्णकाका


श्री

दिग्रस,
३० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. श्रीकृष्णकाकांस,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चौदा तारखेला हातात पडलं. भीमसिंगांचं वाचलं. त्यावर मी काय लिहिणार? एवढंच लिहिते, की तुम्ही ते मला लिहिलंत म्हणून पुढचं सगळं झालं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. मी कधी करून पाहिलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं आणि तसंच सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी शोधायला बसले. कळलं ते असं, की फाईल खोडली तरी तिचं लिखाण लगेच जात नाही. यंत्र फक्त तिचा पत्ता पुसतं आणि ती जागा रिकामी समजतं. तिथे दुसरं काही लिहिलं गेलं की मग ती खरी जाते. निकिताने वायर ओढली आणि मी लाजेने यंत्राला हात लावला नाही, म्हणून बरंच काही तिथेच होतं. असं पत्ता नसलेलं लिखाण धुंडाळणारं साधनही आहे, तेही खुलं, कोणीतरी लिहून जगाला दिलेलं.

पण आधी निकिता. शनिवारी खेमसिंगभाऊंच्या मोटारसायकलवर तिच्या गावी गेले. ती वावरात कापूस वेचत होती. वडील पुंडलिकराव धुऱ्यावर आले आणि म्हणाले की मॅडम, कायले एवढ्या दूर आल्या, पोरीनं तर घरी काहीच सांगतलं नाही, सुट्टी आहे म्हणते. निकिता मान खाली घालून उभी. मी त्यांना सगळं सांगितलं, दुसरी प्रत ठेवायचं माझं काम मी केलं नव्हतं, हेही. त्यांनी मुलीला विचारलं की चुकलं तर चुकलं, पण पळून काहून आली? ती रडायला लागली. तिची आजी मैनाबाई तिथेच होती. तिने मला पाणी दिलं आणि नातीच्या कमरेचा वेचणीचा ओटा, कापूस भरायची झोळी, सोडून आपल्या कमरेला बांधला. निकिता माझ्याबरोबर परत आली.

रविवारी आम्ही यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू केलं, मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून. चार तासांत चारशे बारा फाईली वर आल्या. पण कशालाच नाव नाही, नुसते आकडे. कोणती कोणाची, कळायला मार्ग नाही. मग सोमवारी सकाळी मी त्या सगळ्या प्रोजेक्टरने भिंतीवर एकेक करून दाखवल्या आणि मुलांनी आपापलं लिखाण ओळखायचं ठरवलं.

काका, तुम्ही असायला हवं होतं. ऋतिक आपल्या प्रोग्रॅममध्ये बैलांची नावं वापरतो, सर्जा आणि पाखऱ्या, तो दोन ओळींतच ओरडला की हे माहं! खुशी प्रत्येक भागाआधी शुद्ध मराठीत एक पूर्ण वाक्य लिहिते. अमरचं तर कोणीही ओळखत होतं, कारण त्याला मोकळी जागा सोडायचा कंटाळा, सगळं चिकटून. मी चार महिने ही प्रॅक्टिकलं तपासली, पण इतकी माणसं त्यात दिसली नव्हती. संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस फाईली सोडून सगळ्या घरी गेल्या. उरलेली प्रॅक्टिकलं मुलांनी पुन्हा लिहिली.

खुलासा त्याच दिवशी द्यायचा होता. मी लिहिलं की पासवर्ड मी दिला, दुसरी प्रत ठेवली नाही, जबाबदारी माझी. नाव घातलं नव्हतं. निकिताने वाचायला मागितला आणि म्हणाली की माहं नाव लिवा मॅडम. नाव नसलं तर लोक सगळ्यांवरच संशय घेतीन. मी लिहिलं. खाली तिने सही केली.

सत्तावीसला परीक्षा झाली. परीक्षक वयस्क होते, लिनक्स बघून त्यांनी भुवया उंचावल्या, मग खुर्ची ओढून बसले. निकिताला त्यांनी विचारलं की फाईल खोडल्यावर ती कुठे जाते. ती म्हणाली की सर, कुठंच जात नाही, फक्त तिचा पत्ता खोडल्या जाते. त्यांनी विचारलं, कोणत्या पुस्तकात वाचलं? ती म्हणाली, वाचलं नाही सर, मीनंच खोडल्या होत्या, एकतीस जणांच्या. आणि मग सगळं सांगितलं. पंधरा मिनिटांची तोंडी परीक्षा पाऊण तास चालली. जाताना ते त्या साधनाचं नाव कागदावर लिहून घेऊन गेले.

प्रयोगशाळा राहिली आहे. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच आहे. पुढच्या सत्राचं पत्र अजून आलं नाही, पण वेळापत्रकात माझं नाव लागलंय. निकिता आता विचारते की हे शोधणारं साधन फाईलींची नावं का परत आणू शकत नाही. मला माहीत नाही. आम्ही दोघींनी त्याचं आतलं लिखाण उघडलं आहे. अजून पहिल्याच पानावर आहोत.

तुमच्याकडून ऐकायला आतुर आहे. आजवर दिलीत ती माया पुढेही द्या.

तुमची
मधुवंती


श्री

यवतमाळ,
९ डिसेंबर २०२५

चि. मधुवंतीस,
श्रीकृष्णकाकाचे अनेक आशीर्वाद. चि. निकितालाही सांग.

तुझे पत्र मी मंजुषेला मोठ्याने वाचून दाखवले. मुलीने सही केली, त्या ठिकाणी मी पत्र खाली ठेवले. मग मी मंजुषेला भीमसिंगची गोष्ट सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले, चष्मा काढून ठेवला आणि दारव्ह्याची पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारले.

काल आम्ही दोघे गेलो. लीलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आता पार थकल्या आहेत. मी उभ्यानेच सांगितले. त्या काय बोलतात ते मला ऐकू येईना, म्हणून मंजुषा त्यांचे एकेक वाक्य माझ्या कानाशी मोठ्याने म्हणत होती. त्या म्हणाल्या की ते मरेपर्यंत म्हणत होते, मले ठाऊक नाही, मले ठाऊक नाही. मी बी अर्धंच खरं धरलं. हे वाक्य मी माझ्याच बायकोच्या तोंडून ऐकले.

मग त्यांनी घरात हाक मारली. मुलगा धरमसिंग बाहेर आला. तो आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याच्याशी त्या त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काही बोलल्या आणि मला म्हणाल्या की आता याच्यापुढं सांगा. मी पुन्हा सांगितले, नकाशापासून कौतुकापर्यंत. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा कठीण गेले. धरमसिंगने आवाज चढवला नाही. वणीकडे तो दुसरीत गेला होता, नव्या शाळेत त्याला सहा महिने मित्र नव्हता, एवढे बोलला. मग वही आणली आणि म्हणाला, लिहून द्या.

मी लिहिले. गावाचे नाव, तारीख, चहा, किल्ली, माझे गप्प राहणे. खाली सही केली आणि हुद्दा लिहिला, भूकरमापक, सेवानिवृत्त. लीलाबाईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ धरला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो मुलाला दिला आणि मोठ्याने वाच म्हणाल्या. त्याने वाचला. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी आल्या होत्या, त्यांना आत बोलावले आणि परत वाचायला लावला.

मी तिथेच उभा होतो. कोणी बसा म्हटले नाही.

आम्ही उभयता ठीक आहोत. तुझा लोभ आम्हाला हवा आहे, तो ठेव.

तुझा
श्रीकृष्णकाका